नव्या लॅपटॉपमधले न मागितलेले सॉफ्टवेअर: काय काढावे, काय राहू द्यावे

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागून कॉलेजप्रवेश सुरू झाले की मुंबईत लॅपटॉपची खरेदी वाढते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून घ्या, मॉलमधून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, विंडोज लॅपटॉपमध्ये ग्राहकाने न मागितलेले सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आधीच भरलेले असते. ठरावीक दिवसांचा ट्रायल अँटिव्हायरस, खरेदीच्या जाहिराती दाखवणारे ॲप, कंपनीचे स्वतःचे तीन-चार 'असिस्टंट' आणि वर मायक्रोसॉफ्टच्या सूचना. आठ जीबी रॅमचा कोरा लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात रखडू लागतो. मग घरची मंडळी तो फॉरमॅट मारायला दुकानात नेतात, नाहीतर यूट्यूबवर बघून एखादी 'डीब्लोट' स्क्रिप्ट (नको ते सॉफ्टवेअर एका फटक्यात काढणारी आज्ञांची फाइल) चालवतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. योग्य क्रमाने काम केले तर संध्याकाळच्या दोन तासांत लॅपटॉप स्वच्छ होतो आणि काही मोडतही नाही. क्रम चुकला तर मात्र आवाज जातो, वाय-फाय जाते, कधी पैसे मोजलेले ऑफिससुद्धा जाते.

सुरुवात ऑफिसपासूनच करावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांसोबत ऑफिस होम (२०२१ पर्यंतच्या आवृत्तीत होम अँड स्टुडंट) येते. ते ट्रायल नसून त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीतच धरलेली असते. पण वर्ड एकदा उघडून ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्याशिवाय त्यावर तुमचा हक्क नोंदला जात नाही. आधी जोडा, खात्याच्या पानावर ते दिसते आहे याची खात्री करा, मगच बाकी कशालाही हात लावा. काही लॅपटॉपांवर याशेजारीच मायक्रोसॉफ्ट ३६५ चे ट्रायलही असते. ते मुदत संपल्यावर पैसे मागते. दोन्हींची नावे सारखी असल्याने लोक चुकीचे काढतात, म्हणून बिलावर आणि खोक्यावर काय छापले आहे ते आधी वाचावे.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स उघडा. विंडोज १० मध्ये याच जागी ॲप्स अँड फीचर्स असते, पण त्या विंडोजचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे पुढचे सगळे विंडोज ११ धरून लिहितो. यादी तारखेनुसार लावा. कारखान्यातून आलेले प्रोग्रॅम बऱ्याचदा एकाच जुन्या तारखेखाली गोळा झालेले दिसतात. काहीही काढण्यापूर्वी संपूर्ण यादीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर एखादे बटण चालेनासे झाले, तर काय काढले होते हे त्या फोटोंवरूनच कळते. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून सिस्टिम प्रोटेक्शन (काही बिघडले तर विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) चालू आहे का तेही बघा. अनेक नव्या लॅपटॉपांवर ते बंदच असते.

सगळ्यांत जास्त त्रास ट्रायल अँटिव्हायरसचा, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मोफत आणि आधीपासूनच असतो. दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे स्वतःची नोंद करतो तेव्हा डिफेंडर बाजूला होतो. ट्रायलची मुदत संपल्यावर तो दुसरा प्रोग्रॅम मशीनमध्ये बसूनच राहतो, दर काही तासांनी 'तुमचा संगणक असुरक्षित आहे' असे पॉप-अप दाखवतो आणि नव्या व्हायरसची माहिती घेणे थांबवतो. घाबरून लोक पैसे भरतात. काही जण त्यावरच दुसरा विकत घेतलेला अँटिव्हायरस चढवतात आणि मग मशीन हँग होऊ लागते. कारण प्रत्येक अँटिव्हायरस फाइल उघडण्याच्या वाटेवर स्वतःचा ड्रायव्हर बसवतो. असे दोन ड्रायव्हर असले की एकच फाइल दोनदा तपासली जाते, आणि प्रसंगी ते एकमेकांना अडवतात.

काढताना आधी यादीतून नेहमीसारखे अनइन्स्टॉल करा. मॅकअफी असेल तर त्याचे वेबॲडव्हायजर यादीत वेगळे असते, तेही काढा आणि ब्राउझरमधले त्याचे एक्स्टेंशन बघा. मग मशीन रीस्टार्ट करा. इथे शट डाउन करून पुन्हा चालू करणे पुरत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे काढलेल्या ड्रायव्हरचे उरलेसुरले तसेच राहू शकते. रीस्टार्टमध्ये गाभा नव्याने सुरू होतो. एवढ्यावरही अवशेष दिसले, तर कंपनीचेच काढण्याचे साधन वापरावे. मॅकअफीचे एमसीपीआर आहे. नॉर्टनचे रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल आहे, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन 'रिमूव्ह ओन्ली' निवडावे लागते, नाहीतर ते काढून पुन्हा बसवते. ही साधने त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'मोफत अनइन्स्टॉलर' म्हणून गुगलवर वर दिसणाऱ्या साइट स्वतःच आणखी दोन प्रोग्रॅम गळ्यात मारतात. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनखाली 'मॅनेज प्रोव्हायडर्स' पाहा. तिथे डिफेंडर चालू दिसेपर्यंत त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

गेम आणि खरेदीची ॲप्स यांवर फार वेळ घालवू नका. विंडोज ११ च्या स्टार्ट मेन्यूतल्या अशा कित्येक खुणा नुसत्या चिठ्ठ्या असतात, दाबल्याशिवाय ॲप उतरतच नाही. राइट क्लिक करून काढल्या की विषय संपला. न उघडलेले छोटे ॲप रॅम खात नाही, फक्त थोडी डिस्क अडवते. त्यामुळे घड्याळ, कॅल्क्युलेटर असली ॲप्स काढून वेग वाढत नाही. वेग खातात ती सतत चालणारी ॲप्स. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप ॲप्समध्ये जा आणि 'हाय इम्पॅक्ट' लिहिलेली नावे एकेक बघा. जे ओळखीचे नाही ते लगेच काढू नका, आधी डिसेबल करा आणि दोन दिवस वापरून पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी ॲडिशनल सेटिंग्ज आहेत. तिथल्या तिन्ही खुणा काढल्या की मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याच सूचना थांबतात.

आता जे काढू नये ते. यादीत मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या नावाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या सात-आठ नोंदी दिसतात. एकच गोष्ट पुन्हापुन्हा बसली आहे असे वाटून लोक जुन्या उडवतात. पण जुन्या प्रोग्रॅमला बहुधा तो ज्या आवृत्तीवर बनला तीच लागते, आणि मग टॅलीसारखे रोजचे काम 'डीएलएल सापडत नाही' म्हणत बंद पडू शकते. रिअलटेक, डॉल्बी, डीटीएस ही नावे जाहिरातीसारखी वाटली तरी लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांचा आवाज त्यांनीच सावरलेला असतो. ती काढली की आवाज पत्र्यासारखा होतो. हॉटकी नावाची सॉफ्टवेअर काढली की ब्राइटनेस आणि माइक बंद करण्याची बटणे रुसतात. लेनोव्हो व्हँटेजसारख्या ॲपमध्ये बॅटरी ठरावीक टक्क्यांपुढे चार्ज न होऊ देण्याची सोय असते. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावून वापरणाऱ्या घरात ते ठेवलेले बरे. वेबव्ह्यू२ हे नाव एजच्या शेजारी दिसते म्हणून काढू नये, नवे आउटलुक आणि टीम्स त्यावरच चालतात.

फोर्ट-गिरगावातल्या सीए, वकील आणि कंत्राटदारांच्या कार्यालयांसाठी एक वेगळी सूचना. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (पोर्टलवर ती सही उमटवणारे सॉफ्टवेअर) ही नावे अनोळखी असल्याने 'सफाई'त उडतात. मग जीएसटी विवरणपत्र किंवा निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवशी सही उमटत नाही. ही दोन नावे यादीत ओळखून ठेवा.

यूट्यूबवरच्या एका क्लिकच्या स्क्रिप्टबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यातल्या काही जाणकारांनी काळजीपूर्वक लिहिलेल्या आहेत, पण न वाचता ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणाऱ्याला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्या मायक्रोसॉफ्ट स्टोअर काढतात, मग फोटो ॲप आणि व्हिडिओचे कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) परत मिळवण्याची सरळ वाट उरत नाही. विंडोज अपडेट बंद करतात आणि हे महिनोन्‌महिने कळत नाही. शिवाय वर्षाकाठी मोठे अपडेट आले की काढलेल्यांपैकी काही ॲप्स परत हजर होतात. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंडोजमधले असे ॲप दोन ठिकाणी असते. एक तुमच्या खात्यात बसवलेली प्रत आणि दुसरी पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या खात्यासाठी राखून ठेवलेला मूळ साठा. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केल्यावर पहिली जाते, दुसरी तशीच राहते. म्हणूनच आईच्या खात्यातून काढलेले ॲप मुलाचे नवे खाते उघडताच त्याच्याकडे दिसते. हा साठा पॉवरशेलमधल्या (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीतल्या) 'रिमूव्ह-ॲपएक्स-प्रोव्हिजन्ड-पॅकेज' या आज्ञेने काढता येतो. त्यामुळे एकाच मशीनवर घरातली तिघे-चौघे काम करणार असतील, तर खाती उघडण्याआधी हे काम करावे.

शाळांच्या संगणक कक्षांत तर हा क्रम पाळलाच पाहिजे. एका मशीनवर सगळे नीट बसवून त्याची प्रतिमा (डिस्कची जशीच्या तशी प्रत) बाकीच्या वीस-पंचवीस मशीनवर उतरवायची असेल आणि ॲप एका खात्यात अपडेट झाले पण साठ्यात नसेल, तर सिसप्रेप (अशा प्रतीसाठी मशीन तयार करणारे विंडोजचे साधन) त्रुटीचा संदेश देऊन थांबते. विंडोज ११ च्या २५एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत मायक्रोसॉफ्टनेच अशी ॲप्स धोरणाद्वारे काढण्याची सोय दिली आहे. शाळांनी तीच वापरावी. घरगुती होम प्रकारात ती नाही.

एवढे करूनही समाधान नसेल तर विंडोज मुळापासून नवे टाकावे. पण 'रीसेट धिस पीसी'ने ते साधत नाही. निर्मात्याने भरलेल्या प्रोग्रॅमची गठडी सी ड्राइव्हवरच्या रिकव्हरी नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि रीसेट करताना विंडोज ती पुन्हा उघडते, म्हणून रीसेटनंतरही तोच अँटिव्हायरस समोर येतो. मुळापासून नवे टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचे मीडिया क्रिएशन टूल आणि किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. विंडोजची की शोधत बसायला नको. विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपमध्ये ती बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेली असते आणि इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. मात्र प्रकार तोच हवा. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपांवर होम सिंगल लँग्वेज असते. त्याजागी प्रो टाकले तर ती की चालत नाही. मग दुकानदार ॲक्टिव्हेटर (कीशिवाय विंडोज चालू करणारा बेकायदा प्रोग्रॅम) चालवतो, आणि तो चालवण्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला लावतो. ज्या सुरक्षेसाठी खटाटोप केला तीच अशी हातची जाते. बिलासह घेतलेल्या लॅपटॉपवर ॲक्टिव्हेटर लागतो असे कोणी सांगितले, तर लॅपटॉप उचलून दुसऱ्या दुकानात जावे.

नवे विंडोज टाकताना अडते ते ड्रायव्हरवर. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (एसएसडी हाताळण्याची इंटेलची व्यवस्था) चालू असते, आणि त्यामुळे इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. डिस्क खराब झाली असे समजून लोक नवी विकत घेतात. खरे तर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवून, उघडून, त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचा असतो आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवायचा असतो. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणे हा आडमार्ग. तसे केले की आधीचे विंडोज सुरू होत नाही, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी की मागते आणि आतला डेटा अडकतो. वाय-फायचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर घ्यावा, कारण होम प्रकाराची मांडणी इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. जुने पार्टिशन पुसण्यापूर्वी सोळा जीबी किंवा त्याहून मोठ्या वेगळ्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवली तर वॉरंटीत मशीन मूळ स्थितीत देता येते.

काही सॉफ्टवेअर स्वच्छ विंडोजवरही उगवते. विंडोज सुरू होताना बायोसमधून एखादा प्रोग्रॅम उचलून चालवण्याची तरतूद मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांसाठी ठेवलेली आहे. असूसच्या अनेक लॅपटॉपांत 'आर्मरी क्रेट (असूसचे स्वतःचे ॲप) बसवू का' हा प्रश्न त्यातूनच येतो आणि बायोसमध्ये तो बंद करता येतो. लेनोव्होच्या काही मॉडेलांत २०१५ साली असाच प्रोग्रॅम आढळला होता. त्यात सुरक्षेची त्रुटी निघाल्यावर कंपनीला तो बायोस अपडेट देऊन काढावा लागला.

हा विषय नुसत्या वेगाचा नाही, हे त्याच वर्षी उघड झाले होते. लेनोव्होच्या काही ग्राहकोपयोगी लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम कारखान्यातूनच येत होता. सुरक्षित साइटवरही जाहिरात दाखवता यावी म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (साइट खरी आहे हे ब्राउझर ज्यावरून ठरवतो तो डिजिटल दाखला) बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांत एकच होती. ती किल्ली संशोधकांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड केली. याचा अर्थ असा, की त्याच सार्वजनिक वाय-फायवर बसलेल्या कोणालाही बँकेची बनावट साइट उभी करता आली असती आणि ब्राउझरने ती खरी मानली असती. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी प्रमाणपत्र मागे राहत होते, ते वेगळे काढावे लागत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलच्या लॅपटॉपांवर ई-डेलरूट नावाचे प्रमाणपत्र सापडले. ते नुसते पुसले तर डेलच्याच एका प्लगइनने रीस्टार्टनंतर परत बसवले जाई, म्हणून आधी ती डीएलएल फाइल आणि मग प्रमाणपत्र असा क्रम ठेवावा लागला. सुपरफिशबद्दल अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि ३२ राज्यांनी २०१७ मध्ये लेनोव्होशी तडजोड केली आणि लेनोव्होला त्या राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले.

आजही पाहायचे असल्यास स्टार्टमध्ये 'मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स' शोधा, ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज उघडा आणि लॅपटॉप कंपनीच्या किंवा काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या नावाचे काही आहे का तपासा. फायरफॉक्स स्वतःची यादी वेगळी ठेवते, तिथेही बघा. अनोळखी दिसले म्हणून धडाधड पुसू नका. विशेषतः सीसीए इंडिया नावाची प्रमाणपत्रे आपल्या सरकारी डिजिटल सहीच्या साखळीतली आहेत, ती राहू द्यावीत.

नको असलेले सॉफ्टवेअर कारखान्यानंतरही शिरते, आणि मराठी वाचकांच्या घरात त्याची एक ठरलेली वाट आहे: मोफत मराठी टायपिंगचा शोध. अशा साइटवरचे इन्स्टॉलर 'रेकमेंडेड' निवडले की ब्राउझरचे सर्च बदलतात, टूलबार बसवतात. याची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड पूर्वीपासून आहे आणि रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांसाठी मराठी फोनेटिक २०१९ पासून आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडायचे आणि त्याच्या पर्यायांत कीबोर्ड निवडायचा. सिंगल लँग्वेज विंडोजवरही कीबोर्ड जोडता येतो.

इतके उपाय ग्राहकाने का करायचे, हा खरा प्रश्न आहे. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या विंडोजमधून एज ब्राउझरही अनइन्स्टॉल करता येतो. आपल्या यादीत एजपुढचे ते बटण निष्प्राण असते. म्हणजे सोय तयार आहे, फक्त प्रदेश पाहून दिली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. गुगलने स्वतःची ॲप्स काढण्यापासून ग्राहकाला रोखू नये असा आदेशही त्यात होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका तोच आदेश रद्द केला. संगणकांबाबत तेवढेही झालेले नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (पडद्यावरच्या मांडणीतून ग्राहकाला चकवणे) रोखणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत सतत सतावणे आणि सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणे या दोन्ही गोष्टी अनुचित ठरवल्या आहेत. ट्रायल अँटिव्हायरसच्या पॉप-अपना त्या कसोटीला लावायला हवे. ज्यांचे पैसे न सांगता कापले गेले त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि पॉप-अपचा तारीख दिसेल असा फोटो सोबत ठेवावा.

तोवर दोन गोष्टी मुंबईतच करता येतील. विक्रेत्यांनी प्रत्येक मॉडेलमध्ये आधीपासून बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी, त्यातले ट्रायल कोणते आणि किती दिवसांचे यासह, बिलासोबत द्यावी. आणि महापालिकेने व शाळाचालकांनी संगणकखरेदीच्या निविदेत एक कलम घालावे: पुरवठादाराने केवळ विंडोज, ड्रायव्हर आणि मागितलेले सॉफ्टवेअर असलेली मशीनच द्यावीत, ट्रायल किंवा जाहिरातीचा प्रोग्रॅम आढळल्यास ते मशीन स्वीकारू नये, आणि ताबा घेताना दर खेपेतली काही मशीन उघडून इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तपासावी.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, गिरगाव, मुंबई